मंगळवारची परात

बघून तुम्ही मला ओळखणार नाही, म्हणून आधीच सांगते. मी परात आहे. पितळेची, काठाला दोन पोचे आलेली, बुडाला डाग दिलेली. जिजाबाईच्या ओसरीत भिंतीला टेकून उभी असते. माझ्यात कणीक मळून बरीच वर्षं झाली. तरी माझी कोणाविषयी तक्रार नाही. उलट जे मिळालं त्याबद्दल चार शब्द सांगावेसे वाटतात.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या कारागिरांनी ठोकून ठोकून मला पसरट केलं. जिजाबाईच्या लग्नात तिच्या मामांनी मला विकत घेतलं आणि दुकानदाराकडून काठावर नाव घालून घेतलं, 'सौ. जिजाबाई बापूराव'. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावापासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात, भाजीपाला पिकवणाऱ्या घरात मी आले. दर वर्षी कल्हई व्हायची. रोज दोन वेळा कणीक मळली जायची. सतरा वर्षं जिजाबाईच्या दहाही बोटांचे ठसे माझ्या अंगावर उमटत होते. माणसाचा चेहरा मला नीट दिसत नाही, हात मात्र पक्के कळतात.

म्हणूनच जे झालं ते सगळ्यांत आधी मला कळलं.

शहाण्णव सालचा पावसाळा होता. जिजाबाई कणीक मळायची, पण डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कणकेत उतरेना. ती दोन बोटं नुसती वर तरंगत राहायची. एकदा तिने चुलीवरचं गरम पाणी माझ्यात ओतलं. उजव्या हाताला चटका बसला, डावा तसाच पाण्यात राहिला. तिने हात बाहेर काढून पाहिला आणि पदरात लपवला. घरात कोणी नव्हतं, तरी लपवला.

पुढे मी तिच्या हातून निसटू लागले. माझ्या काठाचे दोन्ही पोचे त्या दोन महिन्यांतले. दसऱ्याला तिने स्टीलची हलकी परात आणली. बापूराव म्हणाले, "जुनी चांगली होती ना व?"

"आता पितळ कोण वापरते? घासून घासून हात दुखते," ती म्हणाली.

हात दुखत नव्हता. दुखला असता तर बरं झालं असतं. मी माळ्यावर गेले.

दिवाळीनंतर त्यांच्या रस्त्याकडच्या खोलीत भाडेकरू आली. बावीस वर्षांची, बुटकी, गोरीपान, बारीक डोळ्यांची मुलगी. ती मिझोराममधून आली होती, डोंगरातून चार दिवसांचा प्रवास करून. तिच्या चर्चने तिला मिशनरी म्हणून पाठवलं होतं. कुष्ठरोग्यांच्या जखमांची देखभाल करायचं शिक्षण तिने घेतलेलं होतं. नाव लालरिनपुई. गावाला ते जड गेलं आणि ती पुईबाई झाली.

शेजारची रंभा फार चौकस. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "काऊन व, आमचा देव बदलवाले आली काय तू?"

पुईने वहीत लिहिलेली मराठी वाक्यं आठवली. मग सावकाश म्हणाली, "देव कोणी विचारला तर सांगीन. नाही विचारला तर फक्त पाय धुईन."

"पाय? कोणाचे?"

"ज्यांना जखम आहे त्यांचे."

रंभाने हे वाक्य संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला सांगितलं.

पुई पहाटे उठून आपल्या भाषेत प्रार्थना म्हणायची. मग खोली झाडायची, भात शिजवायची आणि सायकलने आसपासची गावं फिरायची. कुठे कुत्री मागे लागायची, कुठे लोक दार लावून घ्यायचे. दुपारी येऊन पुन्हा भात खायची. संध्याकाळी जिजाबाईची मुलगी मयुरी तिला मराठी शिकवायची. घरचं पत्र यायला वीस-वीस दिवस लागायचे. पत्र आलं की ती ते भात खाताना वाचायची, म्हणजे कोणी सोबत जेवतंय असं वाटायचं. हे तिनेच मयुरीला सांगितलं होतं.

एकदा जिजाबाईने विचारलं, "तुले पगार कोण देते व?"

पुई म्हणाली, "आमच्याकडे प्रत्येक आई स्वयंपाक करताना एक मूठ तांदूळ बाजूला ठेवते. चर्चमध्ये जमा करते. ते विकतात. त्यावर मी इथे आहे."

"म्हंजे तिकडच्या बायांच्या मुठीवर तू इथं जेवते?"

"हो. माझी आई पण ठेवते."

जिजाबाईने मयुरीला माळ्यावर चढवलं आणि मला खाली काढलं. "घे. तीन टाइम भातच खाते, पोटात वारा धरंल. कणीक मळ, पोळ्या शिक." आणि ती मला देऊन गेली. मला फार आनंद झाला. पुन्हा कणीक, पुन्हा हात!

पण पुईच्या घरी कणीक कधी कोणी मळलीच नव्हती. माझं काय करायचं ते तिला कळेना. तेवढ्यात रंभाच्या पुतणीचं लग्न निघालं. तुळशीचं लग्न झालेलं होतं, गावात मुहूर्तांची गर्दी. पुईलाही बोलावणं होतं. तिथे तिने पाहिलं की मुलीच्या आईबापांनी नवरदेवाचे पाय पितळेच्या परातीत ठेवले, दुधापाण्याने धुतले आणि पुसले. सगळा मांडव उठून बघत होता.

पुई घरी आली, मला समोर घेतलं आणि तिचा चेहरा उजळला. हे भांडं कशासाठी असतं ते तिला समजलं होतं. म्हणजे तिला तसं वाटलं होतं.

पुढच्या मंगळवारी बापूराव आणि जिजाबाई भाजी आणि जिजाबाईने बांधलेल्या सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन बाजाराला गेले. तानबा आला. तानबा गावाबाहेर वावरातल्या झोपडीत राहायचा. त्याचा रोग औषधाने केव्हाच बरा झाला होता, पण पायाची संवेदना गेली ती गेली. तळव्याला जखम होती आणि तिच्यावर चिंधी. पुईने मला ओसरीत ठेवलं, साधं गार पाणी भरलं आणि त्याचे दोन्ही पाय माझ्यात सोडले.

खरं सांगते, मला लाज वाटली. सतरा वर्षं मी अन्नाची परात होते. त्या चिंधीचा वास, ते पाणी, सगळं माझ्या कल्हईला झोंबलं. काठावरचं नाव झाकता आलं असतं तर मी झाकलं असतं.

तानबाही अवघडला होता. "पुईबाई, हे भांडं पोळीचं हाय वो."

पुईला तेवढी मराठी कळली नाही. ती म्हणाली, "हो, हो. चांगलं भांडं."

वीस मिनिटं पाय भिजले. मग तिने खाली बसून दगडाने कडक कातडी हळूहळू घासली, पाय पुसले आणि तेल लावलं. तानबा वर आढ्याकडे बघत होता. त्याच्या पायाला तिचा हात कळत नव्हता, पण कोणीतरी हात लावतंय हे डोळ्यांना दिसत होतं. तेही त्याला बघवेना. "बायको असतानी तिनंबी नाई केलं," तो पुटपुटला.

त्या दिवसानंतर माझी लाज हळूहळू कमी झाली. मंगळवारी कधी तिघं यायचे, कधी पाच. ओसरीवरच्या या कामाला कोणी काही नाव दिलं नव्हतं, लोक नुसतं म्हणायचे, मंगळवारी जातो.

नाताळ आला. पुईने घरापासून दूर असा पहिलाच नाताळ काढला. सकाळी तिचं गाणं अर्ध्यात थांबलं आणि तिने दार लावून घेतलं. मग मयुरी गुळाचे शंकरपाळे घेऊन आली, तेव्हा दार उघडलं.

जानेवारीतल्या एका मंगळवारी रंभा सहज डोकावली आणि तिने मला पाहिलं. दुपारी बाजारातून परत येणाऱ्या जिजाबाईला तिने वेशीवरच गाठलं.

"जिजाबाई, तुमच्या परातीत तानबा पाय टाकून बसला होता!"

"काय बोलून राह्यली तू?"

"माह्या डोयानं पाह्यलं. काठावर तुमचं नाव, बापूरावजीचं नाव, अन् त्याच्यावर तानबाची टाच!"

जिजाबाई तरातरा आली. पाय धुवून घेणारे निघून गेले होते. पुई दर वेळी करायची तसं मला साफ करण्यासाठी उकळतं पाणी माझ्यात ओतत होती.

"पुई! लाज नाई वाटत तुले? पोळ्या करायले देल्ली होती म्या! महारोग्याचे पाय धुवाले नाई!"

पुई गोंधळून उभी राहिली. "मावशी, लग्नात पाहिलं. नवरदेवाचे पाय परातीत धुतले. मी समजली, हे पायांचं भांडं. मानाचं."

"अवो, नवरदेव असते तो! देव मानते त्याले त्या दिवशी. अन् हा तानबा!"

"तानबाचे धुवायचे नसतात?" पुईने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

उत्तर नसलं की माणसं भांडीकुंडी ओढतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. तिने मला दोन्ही हातांनी धरलं आणि पाणी फेकायला उचललं. मी तेव्हा तापून लाल झालेल्या तव्यासारखी होते. तिचा उजवा हात "आई गं" म्हणत झटकन सुटला. डावा सुटलाच नाही. मी एका बाजूला कलंडले, पाणी ओसरीत सांडलं, आणि डावा हात तसाच मला घट्ट धरून होता.

पुईने ते पाहिलं. तिने मला त्या हातातून सोडवलं. तळव्याला फोड येत होते, आणि जिजाबाई उजव्या हातावर फुंकर मारत होती.

रंभा दारात उभी होती. पुई तिला म्हणाली, "ताई, पाणी सांडलं, तुमचे पाय भाजतील, घरी जा." रंभा गेली. मग पुईने दार लोटलं, भाजलेल्या हातावर औषध लावलं आणि कापसाची बारीक वात केली.

"मावशी, डोळे मिटा. जिथे लागेल तिथे बोट ठेवा."

उजव्या हातावर जिजाबाईने बरोबर बोट ठेवलं, प्रत्येक वेळी. डाव्या हाताची वेळ आली. जिजाबाई डोळे मिटून बसून राहिली. शेवटी चिडून म्हणाली, "लाव ना व!"

"लावलं, मावशी. चार वेळा."

जिजाबाईने डोळे उघडले नाहीत. मिटलेल्या डोळ्यांतूनच पाणी आलं.

कोपराजवळ एक फिकट चट्टा होता, तोही तिने दाखवला. पुईने सांगितलं, आत्ता औषध घेतलं तर हात वाचेल. उशीर केला तर बोटं वाकतील आणि तशीच राहतील.

"कोणाले सांगजो नको," जिजाबाई म्हणाली. "मयुरीले पाहाले लोक येऊन राह्यले. आईले महारोग हाय म्हणून समजलं तं कोण करंल तिले?"

"सांगणार नाही. पण औषधाच्या कार्डावर नाव लिहावं लागेल. खोटं मी लिहीत नाही."

जिजाबाईने बराच विचार केला. "मंग लिही, शकुंतला. शकुंतला श्रावण, माह्या बापाच्या नावानं. लग्नात माह्यं नाव बदलवलं होतं. हे बी माह्यंच हाय, खोटं नाई. सतरा वर्षांत ह्या नावानं कोणी हाक नाई मारली मले."

मी तिच्या लग्नापासूनची, पण हे नाव मलासुद्धा त्या दिवशी कळलं.

बियाणं आणायचं निमित्त करून ती वर्ध्याच्या दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टरांनी तेच सांगितलं. सहा महिने गोळ्या, आणि सुजलेल्या नसेसाठी वेगळ्या. मग दर मंगळवारी तिचं डोकं दुखू लागलं. बापूराव एकटे बाजाराला जायचे. ओसरीवरची माणसं गेली की जिजाबाई हळूच यायची आणि डावा हात माझ्यात भिजत ठेवायची.

पहिल्या दिवशी तिने मला दोनदा राखेने घासलं होतं, तरी ती कचरत होती. पुईने आधी आपला हात माझ्यात बुडवला. मग जिजाबाईने बुडवला. तो हात मला पूर्ण ओळखीचा होता. माझं पाणी पिऊन कातडी मऊ झाली की पुई एकेक बोट सरळ करायची आणि तेल चोळायची. शेवटी ताटातले तांदूळ डाव्या मुठीत उचलायला लावायची. सुरुवातीला सगळे गळून जायचे.

"तुह्या आईची मूठ कशी हाय व?" जिजाबाई विचारायची.

"मोठी. चर्चमध्ये सगळे हसतात, म्हणतात हिच्या घरी कोणी जेवत नाही वाटतं."

दोघी हसायच्या. त्या मंगळवारांत पुई पोळ्या करायला शिकली, स्टीलच्या परातीत. तिची पहिली पोळी पाहून जिजाबाई म्हणाली, "हा कोणत्या राज्याचा नकाशा व?" आणि पुईला मराठीतली पहिली थट्टा कळली.

उन्हाळ्यात एका मंगळवारी बापूराव लवकर परत आले. माल लवकर संपला होता. ते ओसरीत आले, तेव्हा जिजाबाईचा हात माझ्यात होता आणि कार्ड शेजारी पडलं होतं. तिने हात काढायचा प्रयत्न केला. पाणी हललं, माझा काठ खणकन वाजला, आणि सगळं उघड झालं.

बापूराव उभेच राहिले. पुई सांगायला लागली, हा रोग बरा होतो, औषध सुरू केल्यावर दुसऱ्याला लागत नाही, घरात कोणाला भीती नाही. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. ते बायकोच्या समोर जमिनीवर बसले.

"म्हणून सांभाराच्या जुड्या ढिल्या राह्यत होत्या," ते म्हणाले.

जिजाबाई खाली बघत होती.

"अन् म्या भर बाजारात बोललो तुले. चार लोकांत. जुडी बांधता येत नाई काय म्हणून." त्यांनी तिचा ओला हात धरला. "सांगाचं नाई काय व? जुड्या म्या बांधल्या असत्या."

"मयुरीचं..."

"मयुरीचं होईल ते होईल. हात पहिले." मग पुईकडे वळून म्हणाले, "बाई, हे तेल कसं चोळाचं, मले दाखवा."

त्या दिवसापासून तेल तेच चोळू लागले. त्यांचा हात खरखरीत, मातीचा. मला तो आवडला.

पावसाळा संपेपर्यंत शेजारचं बोट परत आलं. त्याला पाणी गार आहे की कोमट ते कळू लागलं. मुठीतून तांदूळ गळायचे थांबले. करंगळी मात्र थोडी वाकडी राहिली ती कायमची. जिजाबाई म्हणायची, "राहू दे. माघारी आलं ते बोट काय कमी हाय?"

खरी परीक्षा पुढच्या वर्षी झाली. मयुरीला पाहायला हिंगणघाटकडची मंडळी आली. याच ओसरीत सतरंजीवर बसली. मी भिंतीला टेकलेली होते. चहा देताना मुलाच्या आईचं लक्ष त्या करंगळीकडे गेलं.

"बोटाले काय झालं, विहीणबाई?"

रंभा दारातच होती, आणि एव्हाना तिला सगळं माहीत झालं होतं. तिने पटकन सांभाळून घेतलं, "विळा लागला होता वो त्याइले!"

जिजाबाईने कप खाली ठेवला. मला तिचा श्वास ऐकू आला. "विळा नाई लागला," ती म्हणाली. "महारोग झाला होता. सहा महिने गोळ्या घेतल्या. आता बरी हाय. कार्ड हाय माह्यापाशी."

चहा अर्धा टाकून ती मंडळी निघून गेली. जिजाबाई आत जाऊन चुलीपाशी बसली. मयुरी तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "आई, बरं झालं सांगतलं. जन्मभर माह्याच्यानं विळ्याचं सोंग झालं नसतं." पुढच्या मंगळवारी रंभाने आपल्या सासूला पुईकडे आणलं. सासूच्या पाठीवर दोन वर्षांपासून चट्टा होता.

मयुरीचं लग्न दीड वर्षाने पुलगावजवळ नाचणगावला झालं. तिच्या सासऱ्याने हे सगळं ऐकून एकच विचारलं होतं, "औषध पुरं घेतलं ना? मंग झालं."

पुई सात वर्षं राहिली. तिची मराठी शेवटी इतकी वऱ्हाडी झाली की वर्ध्याची माणसं हसायची. दोन हजार तीनमध्ये तिची बदली ओरिसाकडे झाली. निघायच्या दिवशी अख्खं गाव तिला सोडायला सिंदीच्या स्टेशनवर गेलं. मी घरीच राहिले. जाताना तिने माझ्यावरून हात फिरवला आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. शब्द कळले नाहीत. हात कळला. ती माझे आभार मानत होती, आणि मला तेव्हा बोलता येत असतं तर मी तिचे मानले असते. अन्नाची परात म्हणून मी चांगली जगलेच होते. पण तिला माझा उपयोग माहीत नव्हता, म्हणून मला दुसरं आयुष्य मिळालं.

पुढच्या मंगळवारी तानबा सवयीने आला. खोलीला कुलूप पाहून ओसरीच्या पायरीवर टेकला आणि काठी घेऊन परत जायला उठला.

आतून जिजाबाई आली. तिने मला उचललं, दोन्ही हातांनी. ओसरीच्या मधोमध ठेवलं, पाणी भरलं आणि ते उजव्या हाताने तपासलं. मग पदर खोचून जमिनीवर बसली.

तानबा घाबरला. "जिजाबाई, तुम्ही? नाई वो, तुम्ही नाई..."

"चूप बस तानबाजी," ती म्हणाली. "पाय दे इकडं."

आज त्याला चार वर्षं झाली. बुडाला भोक पडलं होतं, बापूरावांनी ते डाग देऊन बुजवून आणलं. आता मंगळवारी कधी एकच माणूस येतो, कधी कोणीच नाही, आणि जिजाबाई त्या दिवशी निवांत चहा घेते. तुमच्यापैकी कोणाच्या हातापायाला काही लागलेलं कळत नसेल, अंगावर फिकट चट्टा असेल, तर लपवू नका. एवढीच माझी विनवणी. लाजेने मी पण दिवस काढले आहेत, त्यात काही हाती लागत नाही.

बाकी मी सुखी आहे. तुम्हाला माझा नमस्कार.